काट्यावर उभी राहिलीस की खाली बघ

काल दवाखान्यात तू वजनकाट्यावर चढलीस आणि समोरच्या कॅलेंडरकडे बघत राहिलीस. सिस्टरने आकडा वाचला, तू चपला पायात सरकवल्यास आणि माझ्याकडे न बघता बाहेर आलीस. पस्तीस वर्षं मी नर्स म्हणून त्या काट्याच्या अलीकडे उभी होते गं. काट्यावर चढलेली बाई कुठं कुठं बघते ते मला पाठ आहे. कुणी छताकडे बघते, कुणी दारातल्या नवऱ्याकडे, कुणी डोळेच मिटून घेते. आपल्या निमोण्यात उसाची ट्रॉली काट्यावर गेली की मालक पावतीतला किलोन्‌किलो वाचूनच ती खिशात घालतो. बाईला मात्र स्वतःचा आकडा नको असतो.

तुझी उंची पाच फूट एक इंच, वजन ७४ किलो, तिसरा महिना संपत आलाय. आषाढ पाळायला माहेरी आलीस, श्रावण लागला की परत सासरी केडगावला जाशील. तिथं शंभर जणी शंभर गोष्टी सांगतील. त्यांच्या आधी माझं ऐकून घे. यातलं थोडं मी नर्सिंगच्या पुस्तकात शिकले, बरंचसं बायकांकडून, आणि एक गोष्ट माझ्या स्वतःच्या चुकीतून.

आधी हे मनात पक्कं धर की अंगानं भरलेल्या बहुतेक बायका नीट बाळंत होतात. धोका वाढतो म्हणजे नशिबात लिहिलं गेलं असं नाही. वाढलेल्या धोक्यावर नजर ठेवायची असते आणि नजर ठेवायची तर आकडा माहीत हवा.

आकडा समजून घे

किलोतलं वजन घ्यायचं आणि मीटरमधल्या उंचीनं दोनदा भागायचं. तुझं उत्तर येतं ३०.८. याला बीएमआय म्हणतात. जगभरात २५ च्या पुढे जादा वजन आणि ३० च्या पुढे स्थूलपणा धरतात. आपल्या लोकांसाठी डॉक्टर या रेषा अलीकडे ओढतात. आपल्याकडे २३ ला जादा वजन सुरू होतं आणि २५ ला स्थूलपणा. पाच फुटाच्या ५८ किलोच्या बाईला गावात कुणी जाड म्हणणार नाही, पण या हिशेबानं तीही रेषेपलीकडे गेलेली असते. म्हणून मी सांगते ते तुझ्या जावेलाही सांग.

रेषा अलीकडे का, याचं एक उत्तर आपल्याच जिल्ह्यात मिळालं. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या माणसांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर बायकांची वजनं, जेवणं, कामं लिहून काढली. त्या बायका सरासरी ४२ किलोच्या. त्यांची बाळं जन्मली पावणेतीन किलोच्या आत, तर इंग्लंडमधल्या साउथहॅम्प्टनची साडेतीन किलोची. पण आपल्या बाळांचे स्नायू जेवढे कमी होते, तेवढी कातडीखालची चरबी कमी नव्हती. बाळ दिसायला काटक आणि आतून चरबीचं. याज्ञिक आणि त्यांचे इंग्रज मित्र डॉ. युडकिन यांनी स्वतःलाच मोजलं आणि ते २००४ मध्ये छापलं. दोघांचाही बीएमआय २२.३. युडकिनांच्या अंगात चरबी ९.१ टक्के निघाली आणि याज्ञिकांच्या अंगात २१.२. आपली चरबी अशी लपून बसते आणि साखर, बीपी लवकर बिघडवते.

मी नोकरीला लागले तेव्हा धोक्याच्या बायकांची यादी करताना आम्ही बारीक बायकाच शोधायचो. दिवसभर बाजरीच्या खुडणीला वाकलेली, विहिरीवरून दोन दोन हंडे वाहणारी बाई जाड व्हायची कुठून? मग शिवारात पाणी फिरलं, ऊस आला, रांजणगावला कारखाने आले, दारात मोटारसायकल आणि घरात मिक्सर आला. बरंच झालं, हाल कमी झाले. २०१९ ते २१ च्या सरकारी पाहणीत महाराष्ट्रातल्या शंभरातल्या वीसेक बायका अजून फार बारीक निघाल्या आणि तेवीसेक जादा वजनाच्या. एकाच आळीत दोन्ही. त्यामुळे बारीक बाईला दिलेला सल्ला तू उचलायचा नाहीस आणि तुला दिलेला तिनं उचलायचा नाही.

दोन जीवांची आहेस, दोन ताटांची नाहीस

सासूबाई मायेनं ताटात वाढतीलच. त्यांना दुखवू नकोस, पण हिशेब समजावून सांग. नऊ महिन्यांत वाढलेलं वजन जातं कुठं? बाळ तीन किलो, वार अर्धा-पाऊण किलो, गर्भजल किलोभर, वाढलेली पिशवी किलोभर, जादा रक्त दीड किलोच्या आसपास, थोडं छातीचं. सगळं मिळून आठेक किलो. त्यावर अंगात जो साठा होतो तो दूध पाजण्याच्या दिवसांसाठी. बारीक बाईला तो साठा नव्यानं करावा लागतो, म्हणून तिचं वजन साडेबारा ते अठरा किलो वाढलं तरी चालतं. तुझं कोठार आधीच भरलेलं आहे. तुझ्या बीएमआयला नऊ महिन्यांत पाच ते नऊ किलो पुरे.

पहिल्या तीन महिन्यांत जादा खायची जवळजवळ गरज नसते. चौथ्यापासून रोज साडेतीनशे कॅलरी जादा, म्हणजे एक भाकरी आणि वाटीभर उसळ. तेवढंच. पण उलट्या टोकालाही जाऊ नकोस. पोटात बाळ असताना वजन उतरवायला बसायचं नाही. ‘कमी खाल्लं की बाळ लहान राहतं आणि सुटका लवकर होते’ असं सांगणाऱ्या म्हाताऱ्या अजून आहेत. त्यांच्या पाया पड आणि पुढे जा.

तुझा वैरी भाकरीत नाही, चहाच्या कपात आहे. काल मी मोजलं. सकाळपासून पाच कप चहा, प्रत्येकात दोन चमचे साखर, वर खारी आणि बटर. त्याच्या जागी मूठभर फुटाणे किंवा ताक घे. बाजरीची किंवा ज्वारीची भाकरी, मेथी, तांदुळजा, शेवगा, मटकीची उसळ, हुलग्याचं शेंगोळं, अंडं खात असशील तर अंडं. त्या सहा गावांच्या अभ्यासातही हिरवी पालेभाजी, फळं आणि दूध जास्त वेळा खाणाऱ्या बायकांची बाळं चांगल्या अंगाची निघाली होती. श्रावणात सोमवार धरायचा म्हणशील. देवाला तुझी अवस्था कळते. दिवसभर उपाशी राहून संध्याकाळी साबुदाण्याची खिचडी आणि बटाट्याचा कीस, हा उपवास साखरेच्या अंगानं जेवणापेक्षा वाईट.

आणि चाल. डॉक्टरांनी मनाई केली नसेल तर रोज अर्धा तास, बोलता बोलता दम लागणार नाही इतपत. बांधावरून नको, पाय घसरतो. सपाट रस्त्यानं जा.

गोळ्या मनानं घेऊ नकोस, मनानं सोडूही नकोस

फॉलिक ॲसिडची गोळी बाळाच्या मणक्याची-मेंदूची नळी नीट बंद व्हावी म्हणून असते. ते काम पहिल्या महिन्या-दीड महिन्यातच होतं, त्यामुळे ती दिवस जाण्याच्या आधीच सुरू करायची असते. जड बायकांच्या बाळांत मणक्याचा दोष थोडा जास्त दिसतो, म्हणून काही डॉक्टर त्यांना मोठा डोस देतात. पुढच्या खेपेला तू आधीच विचार. चौथ्या महिन्यापासून लोहाची गोळी रोज, कॅल्शियमची दिवसातून दोनदा. दोन्ही एकाच वेळी घ्यायच्या नाहीत आणि लोहाच्या गोळीवर चहा नाही.

आता एक प्रश्न डॉक्टरीणबाईंना याच आठवड्यात विचार, ‘मला ॲस्पिरिनची छोटी गोळी लागेल का?’ पहिलटकरीण आणि बीएमआय तिशीच्या पुढे असेल तर बीपीचा आजार टाळायला ती पुष्कळदा देतात आणि ती चौथ्या महिन्यापर्यंत सुरू झाली तरच नीट उपयोगी पडते. हो-नाही त्या ठरवतील. आपण आठवण करायची.

साखरेचं पाणी हसत पी

७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यात घालून देतील आणि दोन तासांनी रक्त घेतील. साखर १४० किंवा वर आली की गरोदरपणातला मधुमेह. ही तपासणी पहिल्या भेटीत एकदा आणि सहाव्या महिन्याच्या आसपास पुन्हा. पहिली चांगली आली म्हणून दुसरी बुडवायची नाही, कारण खरी पंचाईत दुसऱ्या वेळीच कळते.

साखरेचं असं असतं. चरबीमुळे आपल्या इन्सुलिनचं अंगात नीट चालत नाही. पाचव्या-सहाव्या महिन्यात वारेतून निघणारे रस त्याला आणखी अडवतात आणि साखर चढते. आईची साखर वारेतून बाळाकडे जाते, आईचं इन्सुलिन जात नाही. मग बाळ स्वतःचं इन्सुलिन जास्त तयार करतं आणि अंग धरतं, विशेषतः खांद्याला आणि पोटाला. अशा बाळाचं डोकं बाहेर येतं आणि खांदा अडकतो. मी ते दोनदा पाहिलंय. त्या दोन-चार मिनिटांत खोलीत कुणी बोलत नाही. जन्मल्यावर आईची साखर एकदम तुटते, बाळाचं इन्सुलिन मात्र चालूच राहतं, मग बाळाची साखर खाली येते. म्हणून अशा बाळाला लगेच पाजतात आणि टाचेतून थेंबभर रक्त काढून तपासतात. टाचेला सुई टोचली म्हणून नर्सवर ओरडू नकोस.

दंडाचा पट्टा बघून घे

हे फारसं कुणी सांगत नाही. बीपी मोजायचा पट्टा दंडाला लहान पडला की बीपी खोटंच जास्त दाखवतो. तुझा दंड भरलेला आहे. पट्टा ओढूनताणून बसवला तर सरळ म्हण, ‘सिस्टर, मोठा पट्टा आहे का?’ यात उद्धटपणा नाही. पाच मिनिटं बसून, पाठ टेकवून, पाय जमिनीला लावून मोजून घे. १४०/९० किंवा त्याच्या वर गेलं तर पुढचं डॉक्टर बघतील. दर खेपेला लघवीही तपासून घे.

घरी असताना डोकं जोरात दुखलं, डोळ्यांपुढं काजवे चमकले, बरगड्यांखाली दुखलं, तोंड-हात एकदम सुजले, अंगावरून रक्त गेलं, बाळ फिरायचं कमी झालं, एकाच पायाची पोटरी सुजून दुखायला लागली किंवा दम लागला, तर सकाळची वाट बघायची नाही. १०८ ला फोन.

सोनोग्राफीला पुन्हा बोलावलं तर घाबरू नकोस. पोटावरच्या चरबीतून चित्र धूसर येतं, म्हणून पाचव्या महिन्यातली तपासणी कधी दोनदा करतात. जाड पोटावरून हातानं बाळाची वाढ नीट समजतही नाही, म्हणून शेवटच्या महिन्यांत वाढीसाठी सोनोग्राफी सांगतात. पोट बघून मुलगा की मुलगी सांगणाऱ्यांना तर तुझ्या पोटात काहीच दिसणार नाही. तेवढा एक फायदा.

कुठं बाळंत व्हायचं ते दिवाळीआधी ठरव

अंगानं जड बाईच्या कळा पुष्कळदा सावकाश चालतात. सुई-गोळीनं कळा आणल्या तरी काही वेळा पिशवीचं तोंड उघडत नाही. सिझरची वेळ जास्त येते, पाठीच्या कण्यात भुलीची सुई द्यायला जागा पटकन सापडत नाही, बाळंतपणानंतर रक्तस्राव जास्त होऊ शकतो. पोटातच बाळ जाण्याचा धोकाही थोडा वाढतो. हे तुला घाबरवायला सांगत नाही. तुझं बाळंतपण अशा ठिकाणी हवं, जिथं रात्री दोनला भूलतज्ज्ञ येईल, रक्त मिळेल आणि बाळाचा डॉक्टर असेल. दवाखान्यात शिरताना या तीन गोष्टी विचार. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायकांना डॉक्टर तपासतात, तिथं तुझं नाव जोखमीच्या यादीत घालून घे. नाव यादीत आलं म्हणून वाईट वाटून घेऊ नकोस. यादीतल्या बाईकडे जास्त लक्ष दिलं जातं.

तुझी तारीख पौषात. म्हणजे ऊसतोड ऐन भरात. न्हावऱ्याहून पारगावच्या पुलावरून चौफुल्याला जाणारा रस्ता त्या दिवसांत ट्रॉल्यांनी आणि बैलगाड्यांनी भरलेला असतो. रीत म्हणून सातव्या महिन्यात इकडे येशील आणि दवाखाना तिकडं दौंडला ठरलेला असेल, तर रात्री कळा सुरू झाल्यावर भीमा ओलांडायची पाळी येईल. इकडे येणार असशील तर शेवटच्या दोन महिन्यांची तपासणी शिरूरकडे लाव आणि कार्ड, रिपोर्ट सगळं घेऊन ये. जावईबापूंना गाडीवाल्याचे दोन नंबर लिहून ठेवायला सांग, एक उचलत नसतो.

माझी चूक

दवाखान्याचं नाव नको, गावाचंही नको. मी तरुण होते. एक पहिलटकरीण आली, तुझ्यासारखीच भरलेली. काटा गोल तबकडीचा होता. ती चढली तशी बाकावरच्या बायकांसमोर मी म्हणाले, ‘अगं बाई, काटा मोडशील माझा.’ सगळ्या हसल्या. तीही हसली.

पुढच्या महिन्यात ती आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. घरभेटीला गेले तर सासू म्हणाली, मळ्यात गेलीय. रजिस्टर कोरं राहायला नको म्हणून वजनाच्या रकान्यात मी अंदाजे आकडा टाकला आणि बीपीच्या रकान्यात आधीचाच. आठव्या महिन्यात तिला जीपमधून आणली. दोन दिवस डोकं दुखत होतं, घरच्यांना वाटलं ऊन लागलं. आमच्या दारातच झटके सुरू झाले. पुण्याला नेली. ती वाचली, बाळ वाचलं नाही.

बीपी बारीक बाईचंही वाढतं, वजनामुळेच झालं असं मी म्हणणार नाही. पण दोन तपासण्या झाल्या असत्या तर ते आधी दिसलं असतं आणि त्या दोन तपासण्या माझ्या एका वाक्यानं बुडाल्या. त्या दिवसानंतर मी काटा पडद्याआड नेला आणि आकडा बाईच्या कानात सांगायला लागले.

म्हणून सांगते. वजन विचारणारा आपलं काम करतोय, त्याला खरं सांग. वजनावरून बोलणाऱ्याला दोन शब्द सुनाव, नाही जमलं तर दवाखाना बदल. तारीख मात्र चुकवू नकोस.

बाजेवर पडून राहू नकोस

बाळंतपणानंतर सव्वा महिना बाजेवर, ही आपली रीत दमलेल्या बाईसाठी होती. जड बाईच्या पायात, सिझरनंतर तर जास्तच, रक्ताची गाठ धरायची भीती असते. सिस्टर उठ म्हणाली की उठ, टाके ओढले तरी चार पावलं टाक. सिझरची जखम पोटाच्या घडीखाली येते, तिथं घाम धरतो आणि पू होतो. रोज मऊ कापडानं कोरडी करायची, सुती सैल कपडा, लालसर किंवा ओली दिसली की दाखवायची.

दूध उतरायला तुला एखाद-दोन दिवस जास्त लागू शकतात. ‘हिला दूधच नाही’ म्हणत कुणी मधाचं बोट किंवा साखरपाणी आणलं तर दार लाव. पहिलं चिकाचं दूध थोडंच असतं आणि पुरतं. बाळाला पुन्हा पुन्हा पदराखाली घे. छाती जड असेल तर बाळ मांडीवर आडवं घेण्यापेक्षा काखेत धर, पाय मागे आणि तोंड पुढे. तोंड नीट बसतं.

डिंकाचे लाडू मीच करणार. तुपात डिंक फुलताना जो चुरचुर आवाज येतो ना, तो ऐकल्याशिवाय मला घरात बाळ आलंय असं वाटत नाही. पण तुझे लाडू लिंबाएवढे, गूळ हात आखडून, आणि सकाळी एकच. दूध तुपानं वाढत नाही, बाळाच्या ओढण्यानं वाढतं.

साखर निघालीच, तर बाळ दीड महिन्याचं झालं की ग्लुकोजची तपासणी पुन्हा आणि मग दरवर्षी. साखर निघालेली एखादी बाई बाळंत होते आणि हे विसरते, दहा वर्षांनी मधुमेह घेऊन येते. वजन उतरवायचं ते तेव्हा, सावकाश, दोन बाळांमध्ये चांगलं अंतर ठेवून. ७४ चे ६९ झाले तरी पुढच्या खेपेला फरक पडतो.

आता ते कार्ड काढ. हे बघ, सिस्टरच्या अक्षरात ७४ लिहिलंय. त्याच्यापुढचे रकाने रिकामे आहेत. ते महिन्याच्या महिन्याला भरायचे आणि भरताना काट्याकडे तू स्वतः बघायचं. अंदाजे काही लिहू द्यायचं नाही.